एकास बहात्तर

पन्नाशी उलटलेला माणूस पहाटे उठून टेकडीवर जाऊ लागला, तर त्याचं कौतुक होतं. तो ज्ञानेश्वरीच्या वर्गाला बसू लागला, पेटी शिकू लागला, गच्चीवर कुंड्या मांडू लागला, तरी घरचे आणि शेजारचे मान डोलावतात. मात्र हाच माणूस रविवारी दुपारी टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून, डोळ्यांवर भिंग चढवून, वीतभर विमानाला चाकं चिकटवत बसलेला दिसला, की घरात एक विशिष्ट शांतता पसरते. कोणी तोंडावर हसत नाही. पण आल्यागेल्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘नातवासाठी चाललंय वाटतं?’ नातवासाठी असेल तर ठीक. स्वतःसाठी असेल, तर प्रकरण काळजीचं!

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानं, जहाजं, रणगाडे, मोटारी यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करण्याचा हा छंद आपल्याकडे मोजक्या लोकांचा आहे. पण मध्यमवयात त्याच्याकडे परत वळणारी माणसं जगभर बरीच आहेत. त्यांच्याकडे ‘दुसरं बालपण’ म्हणून पाहण्याची सोयीस्कर पद्धत आहे. मला ती पटत नाही. हे परतणं बालपणाकडे जाणारं नसतं. उलट बालपणी जे करणं शक्यच नव्हतं, ते करण्यासाठी असतं, असं माझं म्हणणं आहे.

या छंदाची दोन मोठी घरं म्हणजे इंग्लंड आणि जपान. इंग्लंडमध्ये निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये ‘एअरफिक्स’ ही कंपनी काढली, ती हवा भरून फुगवायची रबरी खेळणी करायला. पुढे तिने कंगवे केले. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती हवी होती. ती या कंपनीने करून दिली. १९५२ मध्ये सर फ्रान्सिस ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचे सुटे भाग पिशवीत भरून वुलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकायला ठेवले गेले. पुढच्याच वर्षी स्पिटफायर विमान आलं. पोराच्या खाऊच्या पैशांत बसेल अशी ती किंमत होती आणि तिथल्या दोन पिढ्यांतल्या मुलांच्या शनिवार-दुपारी त्या पिशव्यांत गेल्या. पंधरा-सोळाव्या वर्षी मिसरूड फुटली, परीक्षा आल्या, गाण्याच्या तबकड्या आल्या, मुली दिसू लागल्या; विमानं माळ्यावर गेली. मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं. आणि पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास कधीतरी एखाद्या दुकानाच्या काचेमागे तेच खोकं दिसतं आणि पाय थबकतात.

जपानी भाषेत अशा माणसांसाठी एक खास शब्द आहे : ‘देमोदोरी’. मुळात हा शब्द नवऱ्याचं घर सोडून माहेरी परतलेल्या स्त्रीबद्दल वापरला जाई आणि त्यात चांगलीच टोचणी होती. आता मध्यमवयात पुन्हा चिमटा आणि कुंचला हातात घेणारे पुरुष स्वतःलाच हसत हसत ‘देमोदोरी मॉडेलर’ म्हणवून घेतात. मराठी वाचकाला यातली गंमत आणि कळ दोन्ही लगेच उमगावी. ‘ती माहेरी परत आली’ या वाक्याचं वजन आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. घर तेच असतं, अंगणातली तुळसही तीच; परतलेली बाई मात्र तिथून निघालेली मुलगी नसते.

हा फरक टेबलापाशी पाच मिनिटं बसलं तरी कळतो. बारा वर्षांचा मुलगा खोकं उघडल्यापासून दोन तासांत विमान उडवू लागतो. भाग चौकटीपासून हातानेच पिळून तोडायचे, नळीतला डिंक बदाबदा ओतायचा, वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक काचेवर अंगठ्याचा ठसा उमटवायचा, आणि रंग ओला असतानाच तोंडाने घर्रर्र आवाज काढत विमान खोलीभर फिरवायचं. त्याचं बरोबरच आहे. त्याला विमान हवं असतं. सुटे भाग ही त्याच्या आणि विमानाच्या मध्ये उभी राहिलेली अडचण असते.

पन्नाशीतल्या माणसाचं उलटं असतं. विमान हे निमित्त आणि ती अडचण हेच त्याचं खरं काम. तो आधी प्लॅस्टिकच्या चौकटी साबणाच्या पाण्याने धुतो, कारण साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. मग एकेक भाग कापायचा, कड ब्लेडने खरवडायची. सुरुवात आतून होते : वैमानिकाची बैठक, समोरची घड्याळं, पायाखालचे दांडे. हे सगळं रंगवून झालं की धडाचे दोन अर्धे जोडायचे, आणि इतक्या मेहनतीने केलेलं निम्मंअधिक काम कायमचं दिसेनासं होतं. ज्याने जोडायचं तो डिंक म्हणजे खरा डिंक नव्हेच. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मिसळून घट्ट होतात. त्याला वेळ द्यावा लागतो, चांगला एक दिवस. मग रंगारी दाराच्या भेगांत भरतो तशी लांबी सांध्यात भरायची, ती वाळू द्यायची, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलकेच घासायचं. रंगाचा पहिला पातळ हात दिला की पुसला गेला असं वाटलेला सांधा पुन्हा डोकावतो. पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. विमानावरची निशाणं कोमट पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत बसवायची; पण त्याआधी पृष्ठभागाला चकाकीचा हात दिलेला हवा, नाहीतर निशाणाखाली हवा अडकून ते चंदेरी दिसू लागतं. बिनतारी यंत्रणेची तार हवी असेल, तर ज्या चौकटीतून भाग कापले तिचाच उरलेला तुकडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ झाला की दोन्ही टोकांनी ओढायचा. केसाएवढा बारीक धागा निघतो. टाकाऊ म्हणून बाजूला पडलेल्या वस्तूतून हा धागा ओढला जाताना पाहणं हे प्रौढ माणसाला सुख वाटतं. मुलाला त्यासाठी थांबायला सवड नसते.

या साऱ्यात एकच गोष्ट शिकायची असते, ती म्हणजे थांबणं. बालपणी ती येत नाही आणि तारुण्यात ती परवडत नाही. दृष्टी अधू झाली, हात थोडा कापू लागला, तांदळाच्या दाण्याएवढा भाग चिमट्यातून उडाला की तो शोधायला गुडघे टेकणं जिवावर येऊ लागलं (असे भाग बहुधा दुसऱ्या दिवशी केरात सापडतात किंवा सापडतच नाहीत). नेमकं तेव्हा हे थांबणं अंगी येतं. परतलेल्या माणसाच्या पदरात पडणारी नवी गोष्ट ही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. विमानांच्या प्रतिकृतींचं सर्वांत रुळलेलं माप एकास बहात्तर. त्यामागे इंग्रजी फूट-इंचांचा साधा हिशेब आहे : सहा फुटांचा माणूस एक इंचाचा करायचा. या मापात स्पिटफायरच्या सव्वाअकरा मीटर पसरलेल्या पंखांचे साडेपंधरा सेंटिमीटर होतात. इथपर्यंत त्रैराशिक शिकलेल्या कोणालाही समजेल. पण प्रमाण हे केवळ लांबी-रुंदीचं नसतं, हे हळूहळू लक्षात येतं. पंखाची मागची कड प्लॅस्टिकमध्ये एक मिलिमीटर जाड राहिली, तर ती खऱ्या विमानात बहात्तर मिलिमीटर जाड झाली. असलं विमान उडणार कसं? म्हणून ती घासून पातळ करायची. रंगाचंही तसंच. खऱ्या विमानाच्या पत्र्यावरचा हिरवा रंग तंतोतंत तसाच छोट्या विमानाला दिला, तर तो काळपट आणि खोटा दिसतो. हातभर अंतरावरून पाहिलेलं छोटं विमान म्हणजे बहात्तर हात अंतरावरून पाहिलेलं मोठं विमान. मधली हवा रंग फिका करते. म्हणून जाणकार रंगात थोडा पांढरा मिसळतात. खरं दिसण्यासाठी खऱ्यापासून किती दूर जायचं, हे ज्याला कळलं त्याला प्रमाण कळलं. मराठीत ‘प्रमाण’ या शब्दाला माप आणि पुरावा असे दोन्ही अर्थ आहेत, याचं मला या संदर्भात फार अप्रूप वाटतं.

आपल्या मुलांची पहिली प्रतिकृती म्हणजे दिवाळीतला किल्ला. त्यात प्रमाण औषधालाही नसतं. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच, मावळा दरवाजापेक्षा मोठा, पायथ्याशी कोंबडीएवढा वाघ आणि तेवढीच गवळण, उतारावर हळीव आणि मोहरीचं गुडघाभर रान. तो किल्ला सुंदर असतो, कारण मुलाच्या जगात जे महत्त्वाचं ते मोठं. महाराज मोठे, म्हणून मोठे! हा न्याय चुकीचा म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण माणूस त्या न्यायाने आयुष्यभर चालू शकत नाही. ऑफिसातलं राजकारण, भावकीतला वाटणीचा वाद, न मिळालेली बढती या गोष्टी चाळिशीपर्यंत आपल्या किल्ल्यावर बुरुजाहून मोठ्या होऊन बसलेल्या असतात. त्यांना त्यांच्या मापावर आणणं हे पुढच्या आयुष्याचं काम असतं. चिमटा घेऊन बसलेला माणूस हे काम विमानावर करत असतो. ते त्याच्या मनावरही होतं की नाही, याची हमी कोणी देऊ नये. पण सराव तर होतोच.

आता ‘उपयोग काय?’ या आपल्या लाडक्या प्रश्नाकडे येतो. आपल्या मध्यमवर्गाला हाताचं काम वर्ज्य नाही, पण त्याला कारण लागतं. गणपतीच्या आधी आठ दिवस रात्री जागून मखर कापणाऱ्या माणसाला कोणी वेडा म्हणत नाही, कारण ते देवासाठी. मुलाच्या शाळेचा प्रकल्प बापच करतो, हे घराघरातलं उघड गुपित, तो मार्कांसाठी. दिवाळीत मुलांना ‘मदत’ करायला बसलेले बाप किल्ल्याचा ताबा कधी घेतात ते मुलांनाही कळत नाही. पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे मोठी माणसं मुलांना दाखवायला म्हणून जातात. पण मुलं कंटाळून दाराकडे ओढू लागली, तरी सांधे बदलत जाणाऱ्या गाडीवरून नजर हलत नाही ती मोठ्यांचीच. हौस आहे, हातही शिवशिवतात. फक्त देव, मुलगा किंवा नातू यांच्यापैकी कोणाच्या तरी नावाने ती खर्ची टाकावी लागते. स्वतःच्या नावावर टाकायची चोरी.

हा प्रश्न मला गमतीचा वाटत नाही, याला कारण आहे. मी बँकेत नोकरी केली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि देशभरातून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. त्यांतली कित्येक जेमतेम पन्नाशीची होती, मी त्यांना ओळखत होतो. पैसा बरा मिळाला होता. पहिले सहा महिने तीर्थयात्रा आणि घराची रंगरंगोटी यांत गेले. त्यानंतर वर्तमानपत्र दोनदा वाचणं सुरू झालं, मग शेअरबाजाराचे आकडे, मग सुनेच्या स्वयंपाकघरात लक्ष घालणं. हे लोक आळशी नव्हते. हाताने खतावण्या लिहिण्याच्या काळात महिनाअखेरचा ताळा जमत नसला, की बारा पैशांचा फरक शोधायला रात्री दहापर्यंत बसणारी ही माणसं होती. आणि फरक सापडला की चहा मागवत, कारण काहीतरी पुरं झालेलं असे. संगणक आल्यावर ताळा आपोआप जमू लागला, ते योग्यच झालं. पण स्वतःच्या हातून एखादी गोष्ट नेटकी पुरी झाल्याचं समाधान त्या खतावण्यांबरोबर गेलं, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं हे निवृत्तीच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. अशा माणसाला वर्षाकाठी तीन विमानं नीट पुरी करता आली, तर त्याचा ‘उपयोग’ सुनेलाही पटावा!

दोन आक्षेप मात्र गंभीर आहेत. पहिला असा, की ही सगळी युद्धाची यंत्रं आहेत. माणसं मारणाऱ्या वस्तूंचे इतके लाड कशाला? आक्षेप खोटा नाही. या छंदाचं युद्धाशी नातं जुनं आहे. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने तिथल्या शाळकरी मुलांकडून पाच लाख छोटी विमानं मागवली होती, याच एकास बहात्तरच्या मापात, म्हणजे सैनिकांना आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे आकारावरून ओळखायला शिकवता यावं. जपानमध्ये शिझुओका हे सुतारकामाची परंपरा असलेलं गाव. तिथे १९४६ मध्ये लाकडाचा धंदा म्हणून सुरू झालेल्या तामिया कंपनीने १९६० मध्ये पहिली प्लॅस्टिकची प्रतिकृती काढली, ती ‘यामातो’ या युद्धनौकेची. एप्रिल १९४५ मध्ये ती नौका सुमारे तीन हजार माणसांसह बुडाली होती. अवघ्या पंधरा वर्षांत ती मुलांच्या हातात मावेल एवढी होऊन दुकानात आली.

मुलाला तिच्यात तोफा दिसतात. परतलेल्या माणसाला आणखी काही दिसू लागतं. एखादं विमान दोन महिने हातात खेळवलं, की आत बसायची जागा किती अरुंद होती हे कळतं. त्या बैठकीत विशी-बाविशीतली पोरं बसत होती हे वाचनात येतं. आणि लहानपणी ज्याला आपण थोरला दादा समजत होतो, त्या वैमानिकाच्या बापाच्या वयाचे आता आपण झालो, हे एका क्षणी जाणवतं. मग हात थोडा थांबतो. याने युद्धं थांबणार नाहीत. पण युद्धाच्या पराक्रमी चित्रापेक्षा ती अरुंद बैठक रंगवणं माणसाला अधिक शहाणं करतं, असं मला वाटतं. ज्यांना तरीही नको असेल, त्यांच्यासाठी मोटारी, शिडाची जहाजं आणि आगगाड्या आहेतच. तामियाने पोर्शे मोटारीची प्रतिकृती करण्यासाठी खरीखुरी मोटार विकत घेऊन सुटी केली होती, अशी त्या क्षेत्रातली प्रसिद्ध हकीकत आहे. तीत कोणी मरत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला अधिक झोंबतो. लहानपणी वेळ होता, पैसा नव्हता. आता पैसा आहे म्हणून माणूस खोकी घेत सुटतो. चांगल्या खोक्याला आपल्याकडे हजारांनी रुपये पडतात. एक विमान टेबलावर, दहा कपाटात, वीस पलंगाखाली. न उघडलेल्या खोक्यांच्या या ढिगालाही जपानीत शब्द आहे, ‘त्सुमिपुरा’. वाचायची राहिलेली पुस्तकं कपाटात रचणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर फार हसू नये. मात्र यातली खरी गोष्ट ओळखली पाहिजे. खोकं घेताना माणूस प्लॅस्टिक घेत नसतो. ते जोडायला लागणारे पुढचे दोन महिने आपल्याला मिळणारच आहेत, अशी स्वतःची समजूत घेत असतो. पन्नास खोकी म्हणजे आठ-नऊ वर्षं. ती कोणी दुकानात विकत नाही. विलायतेत या छंदाच्या मेळाव्यांत एखाद्या टेबलावर दिवंगत सभासदाची न उघडलेली खोकी स्वस्तात मांडलेली असतात. घरच्यांना त्यांचं काय करावं ते सुचत नाही, आणि घेणारे सभासद ती घरी नेऊन आपल्या ढिगावर ठेवतात. आपल्याकडे दिवाळीचा किल्लाही आता प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तयार मिळतो. आणून ठेवला की झालं. विकत घेणं हे करण्याच्या जागी येऊन बसलं, की छंदाचा बाजार होतो आणि माणसाच्या हातात फक्त पावती राहते.

म्हणून या वाटेने परतू पाहणाऱ्याला माझं सांगणं साधं आहे. एक खोकं घ्या. ते पुरं होईपर्यंत दुसरं घेऊ नका. पहिलं विमान वाकडं होईल, सांधा दिसेल, एखादं निशाण तिरपं बसेल; तरी ते रंग देऊन, चाकांवर उभं करून, पुस्तकांच्या कपाटात ठेवा. आपल्या हयातीत किती गोष्टी आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दुसऱ्या कोणाच्या सहीशिवाय पुऱ्या केल्या, याची यादी करू गेलं तर ती फार लांब निघत नाही. तिच्यात ही एक भर पडेल.

आणि घरच्यांनाही एक विनंती. टेबल झाकू नका, पाहुणे पाहू देत. चहा ठेवायचा तर रंगाच्या वाटीपासून जरा लांब ठेवा. कुंचला कपात बुडतो. विचारायचंच असेल, तर ‘कोणासाठी?’ असं न विचारता ‘कुठवर आलं?’ असं विचारा. त्या माणसाला सांगण्यासारखं पुष्कळ असतं, आणि त्याला असं कोणी विचारल्याला बरीच वर्षं झालेली असतात.